उंबऱ्याबाहेरच्या बोरसे सिस्टर

ज्या घरात कांजिण्या निघाल्या असतील, त्या घरात बोरसे सिस्टर पाऊल टाकत नसत. दारावर कडुलिंबाचा डहाळा दिसला की त्या चार हात अलीकडेच चपला काढायच्या. पिशवीतल्या बाटलीचं पाणी पायांवर ओतायच्या आणि उंबऱ्याबाहेर उकिडव्या बसून आत हाक मारायच्या, "काय वं बाई, पाहुणी कशी शे?"

पाहुणी म्हणजे माता. आमच्या त्या गावात, दोंडाईच्यापासून पंधराएक किलोमीटरवर, कांजिण्यांना आजार म्हणत नाहीत. माता आली म्हणतात. माता घरात असेपर्यंत तिचा दिवा विझू द्यायचा नाही, फोडणीचा वास येऊ द्यायचा नाही, केस विंचरायचे नाहीत, बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही. लेकराने गावाची वेस ओलांडायची नाही. फोड वाळले, की पुढच्या मंगळवारी गार पाण्याची आंघोळ, दहीभाताचा नैवेद्य, आणि गावाबाहेरच्या लिंबाखालच्या ओट्यापर्यंत मातेला पोचवून यायचं. तोवर सगळं घर श्वास रोखून असतं.

मी त्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झाले तेव्हा मला चोविसावं चालू होतं. माझे वडील जामनेरच्या बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी थेट बी.एस्सी. नर्सिंग होऊन, गळ्यात ओळखपत्र घालून अधिकारी झाले होते. बोरसे सिस्टर त्याच उपकेंद्रात एकोणीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. कागदोपत्री त्या माझ्या हाताखाली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्ची पुसून दिली आणि स्वतः बाकावर बसल्या. मला इतकं अवघडलं की दुपारपर्यंत मी उभीच होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "मॅडम, बसा आता. खुर्चीला तुमची सवय व्हायला पाहिजे."

त्या उंच होत्या आणि काटकुळ्या. चष्म्याला काळी दोरी लावलेली. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही आतल्या बाजूला वळवलेलं, नाडी मोजताना सोपं जावं म्हणून. गावात लहानथोर सगळे त्यांना अक्का म्हणत. सत्तरीचे नानासुद्धा. माझ्याशी त्या शुद्ध बोलत, गावाशी अहिराणी मिसळून, आणि फार राग आला तर कुणाशीच नाही.

त्यांचं ते उंबऱ्याबाहेर बसणं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राहवलं नाही. परतताना म्हटलं, "सिस्टर, आपणच असं केलं तर अंधश्रद्धा जाणार कशी?"

त्या चालता चालता म्हणाल्या, "तुम्ही आत जा. जाऊ देतील, अधिकारी आहात. पण एकदाच. उद्या दार बंद दिसेल. मी बाहेर बसते म्हणून मला रोज बसू देतात."

"पण बाहेरून तपासणार काय?"

"बघा ना उद्या."

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. त्या बाहेरून सांगत आणि लेकराची आई आतून करी. पिशवीत खडीसाखरेची पुडी असे. खडीसाखर थंड, मातेला चालते, म्हणून कुणाची हरकत नसे. एक खडा आईच्या तळहातावर ठेवायला लावायच्या. मग लेकराला म्हणायच्या, "उचल बरं, आणि तोंडात टाक." लेकरू खडा कसा उचलतं, हात थरथरतो का, तोंड चुकून गालाला लागतो का, हे त्या चष्म्यावरून बघत. मग, "आता माझ्याकडे ये. उंबऱ्यापर्यंत." चार पावलं. तिथेही नजर चेहऱ्यावर नाही, पायांवर. शेवटी लेकराला काहीतरी वाकडं विचारायचं. "तुझ्या बापाचं नाव काय रे, बैल का?" लेकरू चिडलं, हसलं, की त्या उठत.

बोट नाकाला लावायला सांगणं, सरळ रेषेत चालवणं, भान तपासणं. कॉलेजात आम्हाला हे मेंदूच्या तपासणीच्या धड्यात होतं. मी ते पाठ करून गुण मिळवले होते. बोरसे सिस्टरांनी त्याचं खडीसाखरेत भाषांतर केलं होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "तुम्हाला पुस्तक पाठ आहे मॅडम. आता पोरं पाठ करा."

त्यांचं सगळ्यात विचित्र वागणं म्हणजे त्यांच्या फेऱ्यांचं वेळापत्रक. फोड भरात असताना त्या दिवसाआड जात. खपल्या धरायला लागल्या, की रोज. बाकी सगळं गाव उलट वागे. गावातल्या आशा कार्यकर्त्या फोड असेपर्यंत चौकशी करत, शेजारणी दारातून डोकावत, आमच्या नोंदवहीचा रकाना 'बरा झाला' या शब्दावर संपे. सिस्टर म्हणत, "फोड मावळले की कुणी बघत नाही. मग मी बघते." बहुतेक लेकरांचं काहीच होत नाही. पण एखाद्याच्या बाबतीत अंगावरचं वाळत असतानाच आजार मेंदूपर्यंत जातो. चाल जाते, हात थरथरतो, झटके येतात, किंवा लेकरू नुसतं झोपून राहतं. या शेवटच्याची त्यांना सगळ्यात जास्त धास्ती होती. त्यासाठी नोंदवहीत रकाना नव्हता, म्हणून त्या घरच्या बाईकडून भिंतीवरचं कॅलेंडर मागून घेत आणि पुढच्या दोन आठवड्यांच्या तारखांवर पेनाने टिंबं देत. "टिंब आलं की मी येणार. चहा करू नको, फोडणी नाही तर चहाला तरी काय चव."

दुकानदाराशी झालेलं त्यांचं भांडण गावात अजून सांगतात. पांडूभाऊचं किराणा दुकान. बिस्किटांच्या बरणीशेजारी पाण्यात विरघळणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांची, अ‍ॅस्पिरिनची, पाकिटं. डोकं दुखलं, अंग दुखलं, दे एक. एकदा कांजिण्या निघालेल्या मुलाचा आजा तिथे गोळी घेत असताना सिस्टर मीठ घ्यायला आल्या. त्यांनी त्याच्या हातातली गोळी काढून घेतली.

"अक्का, तापनी गोळी शे ती," पांडूभाऊ म्हणाला.

"तापाचीच आहे. तुझ्यासाठी ठीक आहे. माता असलेल्या लेकराला ही दिली तर डोकं आणि लिव्हर दोन्ही सुजू शकतं."

"मंग आजवर कोन मरनं?"

"तू मोजलंस? तराजू तुझ्याकडे आहे म्हणून विचारते."

दुकानात चारजण होते, ते हसले. पांडूभाऊ लाल झाला. सिस्टरांनी पिशवीतून पॅरासिटामॉलचं औषध काढून आजाला दिलं, किती चमचे ते तीनदा वदवून घेतलं, आणि मीठ न घेताच निघून गेल्या. पुढे कित्येक महिने त्या मीठ दोंडाईच्याहून आणत. पांडूभाऊने मात्र त्या गोळ्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि लेकराचं नाव निघालं की तोच विचारू लागला, "माता तर नही ना?"

एवढी ही काळजी कुठून आली, ते मला वर्षभराने कळलं. लसीकरणाचं सत्र आटोपून आम्ही शेजारच्या गावाहून येत होतो. सिस्टरांनी रस्ता सोडून एका पत्र्याच्या घराशी स्कूटी थांबवली. आत सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा बाजेवर बसून मक्याचे दाणे सोलत होता. उजव्या हाताने सोलायचा, डावा हात मांडीवर तसाच पडलेला. त्याने "अक्का" म्हणायला इतका वेळ घेतला की मी मधेच मान वळवली. त्याच्या आईने चहा दिला. अर्धा तास पावसापाण्याच्या, कापसाच्या गप्पा झाल्या. औषधाचा एक शब्द नाही.

परत निघालो तेव्हा स्कूटीवर पुढे बघतच सिस्टर म्हणाल्या, "तेव्हा तो पाच वर्षांचा होता. खपल्या पडत होत्या. मी उंबऱ्यावर बसलेली. आई म्हणाली, माता विसावली आहे, झोपलाय, झोपू द्या. मी म्हटलं, झोपू दे."



"एवढंच झालं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा झटके येत होते."

त्या गावांत झोपलेल्या लेकराला उठवत नाहीत. माता अंगात असलेलं लेकरू गाढ झोपलं, की माता विसावली असं समजतात आणि घरातली माणसं पावलं न वाजवता चालतात. त्या दिवसानंतर सिस्टर उंबऱ्यावरून कधीही "झोपलाय" एवढ्यावर परतल्या नाहीत. "उठाड तिले, माले दखानं शे," एवढंच म्हणत आणि बसून राहत. कुणी शिव्या घातल्या तरी.

आता जिजीच्या घरची गोष्ट सांगते.

जिजी म्हणजे गावातली वजनदार म्हातारी. मातेच्या ओट्याचा मान तिच्या घराकडे. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, घरात सून संगीता आणि सहा वर्षांची नात पल्लू. मार्च महिन्यात जिजीच्या कमरेवर नागीण उठली. तिने गेरूचे पट्टे ओढून घेतले, आमच्या उपकेंद्राकडे फिरकली नाही. पल्लू आजीच्या कुशीतच झोपायची. अडीच आठवड्यांनी पल्लूच्या अंगावर फोड आले. नागीण आणि कांजिण्या एकाच विषाणूच्या, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. सिस्टरांनी मला फोड दिसले त्याच दिवशी बजावलं, "हे जिजीला सांगायचं नाही."

"का?"

"सांगून पोर बरी होणार आहे का? म्हातारी मात्र झुरून मरेल."

आठवड्याने, एका शनिवारी, आम्ही उंबऱ्याशी बसलो होतो. संगीता हसत हसत सांगत होती, "अक्का, दखा ना हिले. सकायपाशीन दारू पेल मानुसगत चालस."

पल्लूही हसत होती. फ्रॉकवर हळद-लिंबाचे डाग, कपाळावर वाळलेल्या खपल्या. ती आमच्याकडे चालत आली. पाय फाकवून, एकदा भिंतीला हात लावून. संगीताने तळहात पुढे केला. पल्लूचा हात खडीसाखरेच्या पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. खडा खाली पडला. ती परत हसली. सिस्टर हसल्या नाहीत.

"पल्लू, मी कोन शे वं?"

"अक्का."

"उलटी झाली का? डोकं दुखतं?" नाही, दोन्ही नाही.

मग त्या जिजीशी बोलल्या. फार हळू, आर्जवाने. हिची चाल गेली आहे. बहुतेक आपोआप येईल. पण हे डोक्यातून आलं आहे, धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला हवं. आजच.

जिजी जपमाळ ओढत होती. "मंगळवारले माताले पोचाडसू. मंग लई जा, जठे लई जानं तठे."

"आजच जायला पाहिजे जिजी."

"वेस वलांडी ना, तं पोरना डोया जातीन. मन्ही बहीननी पोर गयी आंधयी. तू देखेल शे का?" तिने स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं.

बाहेर येताच मी फोन काढला. मी अधिकारी होते, रुग्णवाहिका बोलावू शकत होते. सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "आज गाडी आली तर पोरगी आतल्या खोलीत जाईल आणि दाराला आतून कडी लागेल. मग उद्या काय बघणार?"

"आणि उद्यापर्यंत काही झालं तर?"

त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी त्या पुन्हा एकट्या जाऊन आल्या. पोरगी बोलतेय, जेवली, एवढं सांगितलं. मी वरिष्ठ डॉक्टरांना फोन करून सगळं कळवलं, तेही म्हणाले, पाठवा. पाठवा म्हणणं सोपं होतं.

रविवारी सकाळी आठला आम्ही गेलो तेव्हा दार अर्धं लोटलेलं. संगीता ओट्यावर बसून नखं खात होती. "पहाटे एकदा उलटी झाली," ती म्हणाली. "मंग झोपी गयी."

"उठाड तिले."

आतून जिजीचा आवाज आला, "माता इसावनी शे. कोन्ही हात लावानं नही."

सिस्टर उंबऱ्याबाहेर बसल्या. मी उभी होते. दाराच्या फटीतून पल्लूची बाज दिसत होती, लिंबाचा पाला अंथरलेली. ती कुशीवर, तोंड भिंतीकडे. मला आत जाऊन तिला उचलून बाहेर आणायचं होतं, आणि मी तसं म्हणणारही होते. त्याहून वाईट, मी जिजीला तिच्या नागिणीबद्दल बोलणार होते. तोंड उघडलंच होतं. सिस्टरांनी न वळता माझ्या साडीचा काठ ओढला, जोरात.

"जिजी," त्या म्हणाल्या, "मी आत येत नाही. मॅडम पण येणार नाही. तूच उठव. तुझ्या हाताने उठव. उठली आणि तुला ओळखलं, तर मी मंगळवारपर्यंत तोंड दाखवणार नाही."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. मग जिजी उठली. नातीजवळ बसली. "पल्लू. ए पल्लू. ऊठ माय." खांदा हलवला. पुन्हा हलवला. मुलीने डोळे उघडले. जिजीने तिला बसवलं तर मान एका बाजूला गेली. "पल्लू, मी कोन शे?" पल्लू आजीकडे बघत होती, पण पलीकडच्या कुणाकडे तरी बघावं तशी. "मी कोन शे माय?" तिसऱ्यांदा जिजीचा आवाज फाटला. मुलीने डोळे मिटले.

जिजी तशीच बसली, नात मांडीवर. मग दाराकडे न बघता म्हणाली, "आनि माता? घरमा दिवा शे. मी गऊ, संगी गयी, तं माताले एकली सोडू?"

मग तिने सिस्टरांकडे मान वळवली.

"मंग तू ऱ्हाय आठे," जिजी म्हणाली. "आतमा ये. दिवा तू संभाळ. मंगळवारले तू पोचाड. बठ्ठं, समदं नेमधरमनं करशी?"

"करसू," सिस्टर म्हणाल्या.

त्या उठल्या. पाय आधीच धुतलेले होते, तरी पुन्हा पाणी ओतलं. आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी फोन लावला.

गाडी पंचवीस मिनिटांत आली. ती पंचवीस मिनिटं मी घड्याळाशिवाय मोजली आहेत. जिजीने स्वतः नातीला कडेवर घेऊन वेस ओलांडली, रुग्णवाहिकेत बसण्याआधी ती वेशीपर्यंत चालतच गेली, ओठ हलत होते. गाडीत वाटेवर पल्लूला एक झटका आला. मी तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, ऑक्सिजन लावला. हात माझेच होते, पण ते कसे काम करत होते हे आजही आठवत नाही. धुळ्यात डॉक्टरांनी मेंदूला सूज असल्याचं सांगितलं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, शिरेतून औषध सुरू केलं. "वेळेत आणलंत की नाही, ते दोन दिवसांनी सांगतो," असं म्हणाले. जिजी वॉर्डाबाहेर जमिनीवर बसून होती. मला विचारलं, "मन्हामुये व्हयनं का?" माझ्यामुळे म्हणजे वेस ओलांडल्यामुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे तिच्या मनात काय होतं. मी म्हटलं, "नाही जिजी." खोटं बोलताना मला पहिल्यांदाच सोपं वाटलं.

मंगळवारी सकाळी मी गावात परतले ती थेट जिजीच्या घरी. दार उघडं होतं. बोरसे सिस्टर चुलीशी बसून बिनफोडणीची खिचडी ढवळत होत्या. दोन दिवस केस विंचरलेले नव्हते, पांढऱ्या बटा चष्म्यावर आलेल्या. नेहमी ताठ बघितलेली ती बाई एकदम कुणाच्याही घरातली म्हातारी वाटत होती. त्यांनी वर बघितलं आणि काहीच विचारलं नाही. विचारायला त्या घाबरत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मी धुळ्याला संगीताला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. पलीकडे संगीता, अक्का आपल्या घरातून बोलतेय, असं पल्लूला सांगत होती, मग काही खुडखुड, मग एक बारीक, घसा बसलेला आवाज. स्पीकर चालू होता.

"पल्लू, मी कोन शे वं?" सिस्टरांनी विचारलं.

शब्द एकेक करून आले, अडखळत.

"अक्का. तू... मन्हा घरमा... काय करी ऱ्हायनी?"

सिस्टरांनी फोन माझ्याकडे दिला. चष्मा काढून पदराने पुसला, दोरी गळ्यात तशीच. मग ताटात दहीभात वाढला, कळशी भरली, दिव्याला हात जोडले. पल्लूला पुढे दीड महिना धरून चालावं लागलं, हात सुधारायला त्याहून जास्त दिवस गेले, पण हे सगळं नंतरचं. त्याच महिनाअखेर सिस्टर निवृत्त होऊन धुळ्याला मुलाकडे गेल्या. माझ्या मनात मात्र त्या मंगळवारीच राहिल्या आहेत. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. मातेच्या मानाच्या घरातून नर्सबाई नैवेद्य घेऊन निघालेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. सिस्टर डोक्यावर पदर घेऊन, एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात कळशी सांभाळत, भर उन्हात अनवाणी ओट्याच्या दिशेने चालू लागल्या. कोपऱ्यापर्यंत एकट्या होत्या. कोपऱ्यावर पांडूभाऊची बायको दुकानातून उतरली आणि त्यांच्या हातातली कळशी घेऊन मागे मागे चालू लागली.